निमकी

डॉक्टरबाईंनी सुरुवात निम्म्या गोळीपासून केली.
"सुरीनं नको," फार्मसीतली रय्या म्हणाली,
आणि गोळी कापायची डबी पुढं सरकवली:
निळं प्लास्टिक, आत इवलंसं पातं.
सव्वा रियाल.
मला बाबांनी ओटीवर घोकून घेतलेली निमकी आठवली,
एक निमे अर्धा, दोन निमे एक,
तीन निमे दीड.
तेव्हा कुणाला ठाऊक,
ही सोहारात कामाला येईल.

त्याआधी
मासळीच्या शीतगृहात कॉम्प्रेसर मला हाक मारायचा.
पूर्ण नावानं. विश्राम दाजी केळुसकर,
रेशनकार्डावर असतं तसं.
हिशेब मागायचा.
बर्फातल्या सुरमईच्या डोळ्यांतून कुणीतरी टिपून घ्यायचं.
मी वजनकाटा झाकला, मग फोन झाकला,
मग स्वतःला.
परकारनं मला रिकाम्या क्रेटांमागून ओढून काढलं
आणि टॅक्सीत सगळी वाट हात धरून बसला.
खेडचा माणूस, एरवी तोंड मिटत नाही.
त्या दिवशी गप्प.

आता कॉम्प्रेसर नुसता कॉम्प्रेसर आहे.
खरं सांगू? पहिले दोन महिने सुनं वाटलं.
शिव्या देणारा शेजारी बिऱ्हाड हलवतो
आणि भिंतीपलीकडं काहीच उरत नाही,
तसं.

पोट सुटलं. भात खाऊन उठलो की पुन्हा भात हवा.
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग आणखी एक.
तेव्हा रमजान चालू होता. मीच ठरवलं, पुरे.
बरा झालोय. बऱ्या माणसाला गोळी कशाला?
कुणाला विचारलं नाही.
नऊ दिवस फार छान गेले.
दहाव्या रात्री मी एसीच्या जाळीवर
चिकटपट्टी लावत होतो, थरावर थर,
आणि परकार सहेरीला उठला.
दिवा लावला. पट्टी बघितली. मला बघितलं.
"किती दिवस झाले रे?" एवढंच.
मी दोन्ही हातांची बोटं दाखवली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.
साखर तपासली, कमरेला फीत लावली.
"कमी करायची तर दोघं मिळून करू,
पायरी पायरीनं. उडी मारायची नाही.
आणि एखादी रात्र चुकलीच,
तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत."
मी म्हटलं, दोन निमे एक.
त्यांना मराठी येत नाही. तरी हसल्या.

जूनमध्ये इथं कठड्याला हात लावता येत नाही.
ही गोळी अंगाला उष्मा नीट कळू देत नाही,
रय्यानं बजावलं होतं.
दुपारच्या सुट्टीत मी सावलीत, बाटली मांडीवर,
तहान नसली तरी घोट.
फोर्कलिफ्टची किल्ली पहिल्याच आठवड्यात साहेबाकडं दिली,
झापड येते म्हणून.
अजून परत मागितलेली नाही.

गावी जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत,
त्यांच्याच खोक्यात, चिठ्ठीसकट,
शिक्का वर दिसेल असा.
कस्टमचा पोरगा वाचतो, वर बघतो.
मी नजर खाली घेत नाही.
घेतो. थोडी.
आईला सांगितलंय, प्रेशरची आहे.

रात्री साडेनऊला परकार काही बोलत नाही.
पाण्याचा पेला माझ्या उशाशी ठेवतो
आणि बायकोला फोन लावायला जिन्यात जातो.
पण कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या पट्टीचे
खड्डे तो मोजतो, मला माहीत आहे.
मोजू दे.

सकाळी एकदम उठलो तर डोकं गरगरतं.
म्हणून आधी खाटेच्या कडेला बसायचं,
पाय फरशीवर.
चार निमे दोन, पाच निमे अडीच.
खाली गल्लीत कुठंतरी कॉम्प्रेसर सुरू होतो.
मी कान देतो, नाव घेतो का बघायला.
जुनी खोड.
सहा निमे तीन.
सात निमे साडेतीन.
उठतो.